थांबवायचं बटण

“बाबांच्या तोंडावर दाब,” आई म्हणाली.

मुलाने माऊस सरकवला आणि बाबांच्या तोंडावर दाबलं. गाणं थांबलं. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे वळला. “झालं बंद. घ्या, करा फॉरमॅट.”

“बंद कुठे झालंय? दम खातायत ते,” आई म्हणाली.

खरंच, गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. बाबाही हयातभर असेच बोलले. अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचे, आणि समोरचा उठायला लागला की उरलेलं अर्धं काढायचे.

प्रकरण असं होतं. गेल्या रविवारी मुलगा आईकडे आला होता. त्याचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि आईच्या कॉम्प्युटरवर गाणं. बंद करायला धावला, तर प्लेअरवर त्रिकोण नाही, चौकोन नाही, बटणांच्या जागी नुसते नातेवाईकांचे चेहरे. गडबडीत त्याने थोरल्या काकांवर दाबलं. काका कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगतात, त्यामुळे गाणंही पहिल्यापासून लागलं. ते कॉलवरच्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि वर “छान आहे” म्हणाले. हे मुलाच्या फार जिव्हारी लागलं. म्हणून आज दुरुस्तीवाला. सगळं पुसायचं आणि मशीन दुकानातून आणल्यासारखं कोरं करायचं.

आईने एकच अट घातली होती. “बटण दाबून गाणं बंद करून दाखव, मग खुशाल पुसा. वायर उपटायची नाही. ते मांजरालाही जमतं.”

मुलगा स्क्रीनसमोर बसूनच पगार घ्यायचा. त्याने अट हसत हसत मान्य केली होती.

आईने आयुष्यभर फुलीच्या टाक्याचं भरतकाम केलं. पुढे सुईत दोरा जाईना, तेव्हा तिने असं कापड शोधलं जे हवं तेवढं मोठं करता येतं. एकेक चौकट भरत तिने अख्खा स्क्रीन सजवला. फोल्डरांचे डबे झाले, झाकणांसकट. कचरापेटीच्या जागी माळा आला, कारण या घरातून आजवर काहीच फेकलं गेलं नव्हतं. मग प्लेअरची बटणं उरली, आणि घरात माणसं भरपूर होती.

मुलाने आत्यावर दाबलं. गाणं अर्धवट टाकून पुढचं लागलं.

“आत्याने कुणाचं पुरतं ऐकून घेतलंय का कधी?” आई म्हणाली.

“काकू, या ओठ मिटून बसलेल्या कोण?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“सूनबाई.”

मुलाने घाईघाईने बायकोवर दाबलं. खोलीत शांतता पसरली. “हे बघ! बंद!”

“बंद नाही, दादा,” दुरुस्तीवाला चाचरत म्हणाला. “फक्त आवाज गेलाय. रेघ पुढे सरकतेय.”

“तिचं तसंच आहे,” आई म्हणाली. “बोलत नाही, पण आत चालू असतं.” तिने माऊस घेऊन सुनेला पुन्हा दाबलं. आवाज परत आला.

“आई, हा पोरखेळ आहे. तुझ्या वयाच्या माणसाला साधं, सरळ हवं.”

“माझ्या वयाचं कोण आहे इथे? मलाच विचार ना मग.”

“आणि मी कुठंय यात?”

“दिसशील. घाई काय आहे?”

एक बटण उरलं होतं, अगदी कडेचं. अंबाडा, चष्मा, आणि हनुवटी किंचित वर.

“ही तूच!” मुलगा ओरडला. “थांबवायचं बटण तू! वाटलंच मला. लहानपणापासून मला थांबवत आलीयेस.” त्याने आईवर दाबलं.

गाणं चालू राहिलं.

पुन्हा दाबलं. दुरुस्तीवाल्याने “बघू” म्हणत माऊस घेतला आणि व्यावसायिक पद्धतीने दोनदा दाबलं. मग वाकून सेटिंग उघडलं, पाहिलं, बंद केलं.

“काकू, याला काही जोडलेलंच नाही.”

“नाहीच जोडलेलं.”

“म्हणजे तुम्हाला दाबलं तर...”

“काही होत नाही.”

“मग गाणं थांबतं कसं?”

“संपलं की थांबतं.”

मुलाने माऊस हिसकावला आणि तो आईवर दाबतच सुटला. टकटक, टकटक. शेवटी मशीन गांगरलं. माऊसचा बाण नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक छोटं डोकं उगवलं. कपाळावर आठ्या, कानाला फोन. ते स्क्रीनच्या मधोमध गोल गोल फिरायला लागलं.

दुरुस्तीवाला पुढे वाकला. “दादा, हे तर तुम्ही.”

“‘आलोच, दोन मिनिटं’ म्हणतो ना फोनवर,” आई म्हणाली, “तेव्हाचा आहे.”

दुरुस्तीवाल्याने पिशवीची चेन लावली. मुलगा खुर्चीत बसून स्वतःकडे बघत राहिला. स्क्रीनवरचा काही थांबेना.

दुसरं कडवं सुरू झालं. आईने गाण्यासोबत आपला आवाज लावला.