मोहरीची उशी

नातीचं डोकं छान गोल व्हावं म्हणून ठमाबाईंनी मोहरी भरून उशी शिवली. "आमची सगळी पोरं अशाच उशीवर निजली गो," त्या सुनेला, हेतलला, म्हणाल्या. पण आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी बजावलं होतं, बाळाला उताणं निजवायचं, डोक्याखाली काही नको. हेतलने उशी कपाटावर टाकली आणि मनस्वीला सपाट गोधडीवर निजवलं.

दुपारी पाहते तर उशीत खळगा. डोकं टेकल्यासारखा.

तिने तळव्याने मोहरी सारखी केली, तशी पाळण्यात मनस्वी किंचाळली. काही केल्या गप्प होईना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खळगा होता, आज जरा खोल. हेतलने बोट लावलं. आत ऊब होती. तिने हात झटकन मागे घेतला आणि पाळण्यावर वाकली.

मनस्वी गाढ झोपली होती. तिचं डोकं गोधडीला टेकलेलंच नव्हतं.

हेतलने खालून हात घातला. तो आरपार गेला. वरून हलकेच दाबून पाहिलं, डोकं तसूभरही खाली जाईना.

"मोहरी एका जागी बसलीय गो, जरा थापटते," पडवीतून ठमाबाईंचा आवाज आला. कपाटावर उशी नव्हती.

हेतलने ओरडायला तोंड उघडलं. बाळाखालचा हात काढवेना.

उघड्या दारातून सासूबाई दिसत होत्या. मांडीवर उशी, आणि मासळीच्या टोपल्या उचलून राठ झालेला त्यांचा हात वर गेलेला.