दुसरा बिघाड

“एकच!” हवालदार तुळशीदासने ट्रकच्या बोनेटवर थाप मारली. “मी माझ्या हाताने एकच वायर सैल केलीय. तुमचं यंत्र दोन बिघाड दाखवतंय. दुसरा काय त्याने घरून आणला?”

कंपनीची इंजिनिअर रोहिणी यंत्राचा पडदा त्याच्यापुढे धरून उभी होती. गाड्यांचे बिघाड शोधणारं हे यंत्र लष्करात घ्यायचं की नाही, ते तुळशीदासने ठरवायचं होतं. म्हणून तर खोडाळ्याच्या माळावर येऊन त्याने मुद्दाम इंजिनाची वायर सैल केली. यंत्राने ती लगेच पकडली. वर आणखी सांगितलं, मागच्या ब्रेकची हवा गळतेय.

“खाली वाकून एकदा बघा तरी,” रोहिणी म्हणाली.

तुळशीदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ब्रेकची नळी सकाळी त्यानेच बदलली होती. त्याच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता हा डबा ठेवणार? तेही त्याच्याच मुलखात, नागलीच्या बांधावरून गाववाले बघत असताना!

“यंत्र नापास!” तो ओरडला. “आणि ट्रक घाट उतरणार. आत्ता!”

वर्कशॉपचा रिवाजच होता, जो गाडी ठीक म्हणेल त्यानेच पहिली फेरी मारायची. सैल केलेली वायर परत आवळून तुळशीदास तणतणत चढला. किल्लीला हात घातला.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून सुदर्शन आत बसला. ट्रकचा नेहमीचा ड्रायव्हर. तुळशीदासच्या बहिणीचा, कमूचा मुलगा. त्याला फौजेची वाट मामानेच दाखवली होती.

“तू कशाला?”

“मामा, तू सांगलास ना ब्रेक बेस हाय? मग बेसच हाय.” आणि पोरगा घरच्या ओटीवर बसावा तसा मांडी घालून बसला.

तुळशीदासचा हात किल्लीवरच राहिला. त्याला घाटातलं वळण दिसलं. मग कमूचं तोंड दिसलं.

“इकडे सरक. ब्रेक दाबून धर,” तो म्हणाला, आणि उतरून ट्रकखाली शिरला.

फुस्स.

त्याने नळीच्या नटाला बोट लावलं. नट बोटानेच फिरला. सकाळी पाना लावून आवळायचाच राहिला होता.

तो बाहेर आला. वर्दी मातीने माखली होती. त्याने सुदर्शनला मनगट धरून खाली ओढलं.

“परत कधी माझ्या शब्दावर गाडीत बसलास,” तो गरजला, “तर तंगडी मोडून ठेवीन!”