बुधाची जागा

गॅदरिंगच्या तालमीत बाई सहावीच्या पोरींना ग्रह करून ओळीनं उभं करत होत्या. सूर्य झालेल्या अफरीनच्या डोक्यावर सोनेरी मुकुट होता. ठाकूरवाडीच्या जनाला मात्र त्यांनी पार कुंपणाशी धाडलं.

"तू नेपच्यून. तिथं काळोखच असतो, तुला वेगळं रंगवायला नको."

पोरी फिदीफिदी हसल्या. जनानं आपल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि तिथून निघाली, ती सगळी ओळ ओलांडून थेट अफरीनला खेटूनच थांबली.

"अगं, ही बुधाची जागा," बाई दरडावल्या.

"ठावं हाय. उन्हाळाभर मी कोंडाण्याच्या डोंगरावर करवंदं काढते. काळोखात कुणी काळं पडत नाय, बाई. सूर्याजवळ राहिलं की पडतं."