केळं वाचलं पाहिजे

कुत्र्यामांजरांची मोडलेली हाडं जोडायला पोरांना कसं शिकवायचं, ते डॉक्टर संपदाने नव्याने लिहून काढलं आणि शिक्षकांत गिरीज गावच्या गंगाराम सुतारांचं नाव घातलं. पशुवैद्यकीय कॉलेजचे विभागप्रमुख भडकले.

"सुतार शिकवणार? मग आम्ही काय झक मारायला बसलोय?"

"सर, पोरं पहिल्यांदा ड्रिल चालवतात तीच जिवंत कुत्र्याच्या पायावर. ते थांबवायचंय मला."

"आम्हीही तसंच शिकलो."

संपदासोबत आलेल्या गंगारामांनी वाडीतल्या पिकल्या केळ्यांची फणी टेबलावर ठेवली आणि एका केळ्यावर प्लास्टिकचा पाइप आडवा धरला.

"सायेब, पाइप म्हंजे हाड. आरपार भोक पाडा, पन केळ्याला टोचायचं नाय. तिथं कुत्र्याची नस हाय, असं बाई म्हनतात."

त्यांनी स्वतः दहा भोकं पाडली. केळं शाबूत. सरांनी एकच पाडलं आणि ड्रिल केळ्यात घुसलं.

"गेला कुत्रा," गंगाराम म्हणाले.

तीस वर्षांत असे किती गेले, ते सरांना एकट्यालाच ठाऊक होतं. त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

"गंगाराम सर, दुसरं केळं द्या."