सातव्या मजल्यावरचा उंदीर

डॉक्टर कौशल्यांनी लतिकाचे तळवे उताणे केले. तांबडे ठिपके. तळपायांवरही तेच. मनगटं आणि घोटे टम्म सुजलेले. हिवतापाच्या गोळ्या संपल्या तरी ताप हटायला तयार नव्हता. मग त्यांना तिच्या बोटावरचा भरून आलेला व्रण दिसला आणि उंदीर चावला होता का, असं त्यांनी हिंदीत विचारलं.

इंद्रजित मोठ्याने हसला. गाझियाबादची नवीकोरी सोसायटी, सातवा मजला, दोन-दोन लिफ्ट, तिथे उंदीर कुठून येणार! बायकोचं बोट दारात चेंगरलं होतं, त्याने सांगून टाकलं. टेबलाखाली त्याने तिचं सुजलेलं मनगट धरून पिळलं. लतिकाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दारच सांग," तो मराठीत म्हणाला, अगदी लाडीगोडीने. "नाहीतर आज परत स्टोअररूममध्ये."

चारचौघांत बायकोला दम भरायला दिल्लीकडे मराठीसारखी सोय नाही मेल्याला. डॉक्टरही कौतुकाने हसल्या.

स्टोअरमधला तो मिट्ट काळोख. बोटाला लोंबकळणारा उंदीर. दात काही केल्या सुटेनात, म्हणून तिने हात भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, त्याचं डोकं फुटून कोपरापर्यंत रक्त ओघळेपर्यंत. त्यात तिचं किती, कळत नव्हतं. ती दार बडवत होती आणि बाहेर याने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

डॉक्टरांनी पुन्हा तिचं बोट निरखलं. उंदीर चावल्याचा ताप असेल तर पेनिसिलिनची इंजेक्शनं आजच सुरू करायला हवीत, त्या म्हणाल्या. हा ताप हृदयापर्यंत गेला तर माणूस हाती लागत नाही.

"सच बताइए."

मनगटावरची पकड आणखी आवळली. पण लतिकाला मरायचं नव्हतं.

"चूहे ने ही काटा था," ती हिंदीत म्हणाली. "स्टोर में. दरवाज़े की कुंडी बाहर से लगी थी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. इंद्रजितच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र सवयीने तिथेच होतं.

"घरी चल," तो हळुवारपणे म्हणाला, "तिथंच सडवतो तुला."

"क्या कह रहे हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

लतिकाने शब्द न् शब्द हिंदीत सांगितला.