प्रश्न क्रमांक नऊ

“प्रश्न क्रमांक नऊ,” कारकुनानं वाचलं आणि पहिल्या रांगेतल्या बाईनं नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

त्यानं मुलीचं पूर्ण नाव वाचलं. मग इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि शेवटी प्रश्न: ‘माझी मुलगी वारली. तरी तिचं नाव अजून पटावर का आहे?’

मागे कोणीतरी चुकचुकलं. अध्यक्षीणबाईंनी कागद चाळले.

“कागदपत्रं अपुरी आहेत ना?”

“हो. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही.”

“मग कार्यवाही सुरू आहे म्हणून लिहा. पुढचा प्रश्न घ्या.”

बाई तोवर दारापाशी पोचली होती. उत्तर ऐकायला ती कधीच थांबत नसे. थांबून तरी काय पदरात पडणार, असं कारकुनाला वाटे.

शिक्षण मंडळ दर महिन्याला शाळेच्या सभागृहात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देई. सुटला नाही तो प्रश्न पुढच्या सभेत पुन्हा वाचायचा, अक्षर न् अक्षर, विद्यार्थ्याच्या नावासकट, असा नियम होता. अधिकाऱ्यांना लाज वाटावी म्हणून कोण्या जुन्या अध्यक्षानं तो केला होता. लाज वाटायची ती एकट्या कारकुनाला, कारण वाचायचं काम त्याचं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे तो तीन वर्षं वाचत होता. कडी मागणाऱ्या मुली आता कॉलेजात होत्या. पोरं त्याला मागून ‘कार्यवाही’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि रागवावं तर त्यात खोटं काही नव्हतं.

पण नऊ नंबरचा प्रश्न त्याच्या जिवाला लागला होता. चौदा महिने झाले. तापाचं निमित्त होऊन मुलगी गेली आणि पटावर तशीच राहिली. संगणक दर महिन्याला तिच्या घरी पत्र धाडी: पाल्य गैरहजर आहे, कारण कळवावे. शाळेचं नवं वर्ष लागलं तसं संगणकानंच तिला वरच्या वर्गातही ढकललं. त्या सभेत कारकुनानं सवयीनं ‘चौथी’ वाचलं, तेव्हा बाई पहिल्यांदा जागेवरून बोलली होती.

“पाचवी, काका. आता पाचवीत आहे ती.”

टोमणा बरोबर वर्मी लागला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दाखल्याचं त्यानं तिला कितीदा सांगितलं. “ताई, एवढा एक कागद आणा, बाकी मी बघतो.” ती मान हलवी. पुढच्या महिन्यात विचारलं की म्हणे, घरी राहिला. दुःखानं चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे कारकून जाणून होता. बायको गेल्यावर तो स्वतः तिची औषधं आणायला दुकानात जाऊन उभा राहिला होता.

एकदा बाईचा नवरा कार्यालयात आला. हातात गैरहजेरीचं पत्र होतं.

“हे थांबवा हो,” तो म्हणाला. “आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. माझ्या आईला सोसत नाही, मलाही नाही. फोटोसुद्धा माळ्यावर टाकलेत. आणि महिन्याच्या महिन्याला हे येतं. बायको दिवसभर ते हातात घेऊन बसते.”

“दाखला तेवढा मिळाला तर...”

“तिच्याकडेच दिलाय की. तिला विचारा.”

तो उठून गेला. हरवला असणार, कारकुनाला वाटलं. बिचारी सांगायला लाजत असेल.

त्याच्या निवृत्तीआधी एकच सभा उरली, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं. कडीचं काय व्हायचं ते होवो, पण नऊ नंबर निकालात काढूनच जायचं. उभ्या नोकरीत एवढं एक काम तरी आपल्या हातून व्हावं. त्यानं रजा टाकली आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात रांग धरली.

“तुम्ही कोण लागता तिचे?” खिडकीतल्या माणसानं विचारलं.

“कोणी नाही.”

“मग नियमात बसत नाही.”

जन्मभर जे त्यानं दुसऱ्यांना ऐकवलं, तेच आज त्याच्या वाट्याला आलं. तो खिडकीवर ओरडला, अगदी घसा बसेपर्यंत. तीन खेपा घातल्या, पण दाखल्याची नक्कल घेऊनच आला. मग संगणकवाल्याच्या मानगुटीवर बसून मुलीचं नाव कमी करून घेतलं आणि अध्यक्षीणबाईंची सही मिळवली.

शेवटच्या सभेला बाई तिच्या नेहमीच्या खुर्चीवर होती. आठवा प्रश्न संपला. तिनं डोळे मिटले.

“प्रश्न क्रमांक दहा,” कारकुनानं वाचलं.

तिनं डोळे उघडले.

त्या दिवशी ती शेवटपर्यंत थांबली. खुर्च्या रिकाम्या झाल्यावर कारकून पत्र घेऊन तिच्याकडे गेला. त्याला आनंद लपवता येत नव्हता.

“झालं, ताई. तुमचा प्रश्न सुटला. नाव कमी झालं. आता घरी पत्र येणार नाही, आणि इथंही कोणी ते नाव वाचणार नाही. सुटलात तुम्ही.”

“दाखला लागत होता ना?”

“मी काढला. तुम्हाला आणखी हेलपाटे नकोत म्हणून.”

तिनं पत्र हातात घेऊन एकदा वाचलं.

“फार त्रास घेतलात, काका.”

पत्र ठेवायला तिनं पर्स उघडली. आत गैरहजेरीची पत्रं होती, तारखेवार लावून रबर बांधलेली. त्यांच्या मागे मृत्यूचा दाखला होता, शिक्क्यासकट, घड्यांवर विरलेला.

“पुढच्या महिन्यात सहावीत गेली असती,” ती म्हणाली.