हलवायचं कोणाला?

"ठराव मी मांडला होता. मीच मागे घेते," नगरसेविका नीलाताई म्हणाल्या.

नगर परिषदेच्या त्या सभेत असं काही होईल, हे कोणाच्या मनातही नव्हतं. फुलचूर रस्त्यावरचं मुलींचं बालगृह शहराच्या टोकाला हलवायचं, हा ठराव बिनविरोध मंजूर होणार हे सगळे धरूनच आले होते. बालगृहाची इमारत नगर परिषदेची. नाल्यापलीकडची बंद पडलेली शाळाही नगर परिषदेचीच. मुली इकडून तिकडे गेल्या की विषय मिटला. आणि नीलाताई निवडून आल्या होत्या त्या हेच आश्वासन देऊन.

तक्रार बालगृहाशेजारच्या कॉलनीची होती. संध्याकाळ झाली की बालगृहासमोर मोटरसायकली येत. पोरं हॉर्न वाजवत, शिट्ट्या मारत, मुलींची नावं घेऊन हाका मारत. कॉलनीतल्या बायकांना फाटकात उभं राहणं कठीण झालं होतं. मुली तिथं आहेत म्हणून पोरं येतात, मुली गेल्या की येणार नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. नीलाताईंनाही ते पटलं होतं. दारोदार फिरून सह्या त्यांनीच गोळा केल्या होत्या.

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्या बालगृहात गेल्या. मुलींच्या कानावर आधी घालावं, एवढाच हेतू. अधीक्षिका स्नेहलने "जय भीम, ताई" म्हणत खुर्ची दिली, चहा आणला. तिने वाद घातला नाही. मुलींना तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून हे निघणार नाही, एवढंच म्हणाली.

नवी जागा किती मोठी आहे, पुढे मैदान कसं आहे, हे नीलाताईंनी समजावून सांगितलं. मग चंचल उठली. ती सगळ्यांत मोठी, बारावीत शिकणारी. जंगलपट्ट्यातल्या गावची, आईबाप गेल्यावर लहानपणीच इथं आलेली. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि इथून कॉलेज सायकलने गाठता येत होतं. नाल्यापलीकडचा सुनसान रस्ता अंधार पडल्यावर कोणत्याही मुलीला एकटीने पार करता आला नसता. पण यातलं ती काहीच बोलली नाही.

"मॅडम, त्या गाड्या आमच्या नाही," ती म्हणाली. "ज्यायच्या आहेत त्यायले हलवा ना. आमाले कायले हलवता?"

नीलाताईंना राग आला. एवढ्याशा पोरीने आपल्याला शिकवावं हे त्यांना रुचलं नाही. गाड्या कोणाच्या आहेत हे कोणाला ठाऊक, असं त्या तुटकपणे म्हणाल्या. चंचल म्हणाली की त्यांची यायची वेळ झालीच आहे, गच्चीवरून चेहरे दिसतात, चला.

दोघी गच्चीच्या कठड्याआड उभ्या राहिल्या. रस्त्यावरचे दिवे लागले होते. गाड्या आल्या. एकाने गाडी अगदी फाटकाला भिडवली आणि हॉर्न दाबून धरला. बाकीचे हसले. खाली खिडक्या धडाधड बंद झाल्या, मुलींच्या खोलीतला दिवा विझला. मग त्या फाटकाजवळच्याने चंचलचं नाव घेऊन हाक मारली. चंचल हलली नाही. नीलाताईंनी मात्र कठडा घट्ट धरला. वाकून त्यांनी फाटकाजवळचा चेहरा बघून घेतला. नंतर काही न बोलता जिना उतरल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

आपलं संपलं, असं चंचलला वाटलं. तिने पुस्तकं बांधायला घेतली.

आणि आता सभागृहात नीलाताई ठराव मागे घेत होत्या. अनुमोदन देणारे भूपेंद्रभाऊ ताडकन उठले. "मॅडम, ये क्या बोल रही हैं आप? लोगों को क्या जवाब देंगे?"

जवाब मी देईन, असं नीलाताईंनी सांगितलं. सह्या मागायला जशी घरोघर गेले तशीच पुन्हा जाईन. त्रास देणारे मोकळे आणि त्रास सोसणाऱ्या शहराबाहेर, असा ठराव माझ्या नावावर नको. पुढच्या निवडणुकीत पडाल, असं मागून कोणीतरी म्हणालं. पडेन, असं म्हणून त्या पुढे बोलू लागल्या.

मांडणाऱ्या बाईनेच सोडलेला ठराव रेटायला दुसरं कोणी उठलं नाही. बालगृह आहे तिथेच राहील, असं अध्यक्षा अल्काताईंनी जाहीर केलं. सभा ऐकायला आलेल्या स्नेहलने लोकांसाठीच्या बाकांवर चंचलचा हात धरला. चंचल केव्हाची उभीच होती, तिला बसायचं सुचत नव्हतं.

मग त्या मोटरसायकलींचं काय, असं अल्काताईंनी विचारलं. पोलिसांत तक्रार द्यायची, नगर परिषदेच्या वतीने आणि आजच, असं नीलाताईंनी सुचवलं. त्यावर भूपेंद्रभाऊ हसले. तक्रार द्यायची तर नावं लागतात, आणि अख्ख्या कॉलनीत आजवर एकानेही नाव घेतलेलं नाही, ते म्हणाले. ते खरंच होतं. सगळे नीलाताईंकडे बघू लागले.

त्या सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या लिपिकाकडे वळल्या.

"पहिलं नाव माझ्या मुलाचं लिहा. अतुल. त्याला बाहेर बसवून आले आहे. बाकीची नावं तोच सांगेल."